वहिनींना जमायचं नाही

काल कपाट आवरताना कोऱ्या सीडींची डबी उघडली आणि त्या प्लास्टिकच्या वासासरशी सदाशिव पेठेतलं ते दुकान आठवलं. आमच्याकडे नवा कॉम्प्युटर आला होता. आईनं गायलेली भीमगीतं मी जुन्या कॅसेटवरून त्यात उतरवली होती. आता ती सीडीवर भरायला सोपं सॉफ्टवेअर हवं होतं. सोबत माझे यजमान होते.

"गाणी निवडली, बटण दाबलं की सीडी तयार, असं काही आहे?" मी विचारलं.

दुकानदारानं उत्तर यांना दिलं. "साहेब, हे मोठं घ्या, यात सगळं आहे. वहिनींना जमायचं नाही, तुम्हीच करा."

यांना कॉम्प्युटर बंदसुद्धा करता येत नव्हता! ऑफिसात दिवसभर मी त्यावर काम करायचे.

"अहो, वापरणार मी आहे. माझ्याशी बोला."

तो हसला. हेही हसले.

मी साधंच सॉफ्टवेअर घेतलं आणि संध्याकाळी आईचा आवाज सीडीवरून घरभर घुमला. तेव्हा मी दुकानदाराच्या नावानं बोटं मोडत होते. आज त्याचा चेहराही आठवत नाही. संताप येतो तो यांच्या हसण्याचा. तो तर परका होता. घरात कॉम्प्युटर हिलाच कळतो, एवढं यांना सांगता आलं नाही?