तोफेचा गोळा

आमचे पांढुर्ण्याचे शेजारी हातात येईल ती वस्तू तळहातावर तोलून पाहत. साबण, संत्रं, कुलूप. ऐंशीच्या दशकातल्या एका पंधरा ऑगस्टला नागपूरचा लष्करी किल्ला लोकांसाठी उघडला, तेव्हा आम्ही दोघे गेलो. तिथे त्यांनी तोफेचा गोळा तोलला.

"इतक्या दुरून कोणाले लागून राह्यलं, समजतच नाही," ते म्हणाले. "आपल्या गोटमारीत दिसते."

"भाऊ, जावई तं तुमचे सावरगावचे. समोरच असतीन नं?"

"असते. नेम बी चांगला आहे त्याचा."

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमारीत जाम नदीच्या दोन काठांवरून पांढुर्णा आणि सावरगाव एकमेकांवर दगड फेकू लागले. शेजाऱ्यांनी गोटा उचलून तोलला. समोर जावई उभा होता. त्यांनी तो गोटा खाली ठेवला आणि लहान उचलला.