एका पायाचा राघू

फुकट मिळणाऱ्या गोष्टीचा मला आजही संशय येतो. सोलापुरात शाळेत असताना चित्रकलेच्या मास्तरांनी आम्हां चौघांना निवडलं आणि दर रविवारी सकाळी घरी शिकायला बोलावलं, तेव्हा बाकीचे तिघे हुरळून गेले. मी मात्र सावध झालो. हा माणूस काही घेत नाही, वर स्वतःचे कागद देतो, म्हणजे कुठंतरी पाणी मुरतंय. आम्ही तेलुगू विणकर. आमच्या गल्लीत उगाच कुणी कुणाला सुतळीचा तोडाही देत नसे.

मास्तरांकडे पिंजऱ्यात एक राघू होता. मांजरानं त्याचा एक पाय तोडला होता. पुस्तकातली चित्रं उतरवायची नाहीत, समोर दिसेल तेच काढायचं, हा मास्तरांचा हट्ट. आधी आमच्या घरी आठवून दोनदा कच्चा काढून पाहिला आणि मग त्यांच्यासमोर मी तो राघू जसाच्या तसा काढला, एका पायाचा. मास्तरांनी कागद बराच वेळ न्याहाळला. ड्रॉइंगच्या परीक्षेला तुझं नाव पाठवतो, म्हणाले. त्या परीक्षेसाठी मी जीव टाकत होतो. पण त्यांनी कागद कपाटात ठेवून कुलूप लावलं. बाकीच्यांचे कागद मात्र ज्याचे त्याला दिले. माझाच का ठेवला? विचारलं नाही, पाळत ठेवली.

महिना-दोन महिन्यांनी शेजारणीनं नवं लुगडं नेसलं. काठावर राघूंची रांग, आणि एकूण एक राघू एका पायाचा.

माझं डोकंच फिरलं. रविवारी तिघांदेखत मी मास्तरांना म्हणालो, "माझा राघू तुम्ही कारखानदाराला विकलात." त्यांनी कपाट उघडलं, कागद माझ्या हातात दिला आणि घरी जा म्हणाले. कागदाला हेडमास्तरांच्या नावानं माझ्या शिफारशीची चिठ्ठी टाचलेली होती. तीही मला बनवाबनवीच वाटली.

वडील दुसऱ्याच्या कारखान्यात मागावर बसत. माझ्या चित्रांना ते रिकामटेकडे उद्योग म्हणत, पण त्या दिवशी त्यांनी तो कागद उजेडात धरला.

"हा त्या पहिल्यापेक्षा बरा आलाय," ते म्हणाले. "याला दुसरा पाय काढून दे. मालक विचारत होता, एकच पाय का म्हणून."

माझा कच्चा कागद त्यांनी केव्हाच नेला होता. काठ विणायला लागते तशी चौकटीच्या कागदावर नक्षी उतरवून मालकाला देऊनही टाकली होती. मला विचारावं असं त्यांच्या मनातही आलं नसणार. घरात पडलेली नक्षी आमच्याकडे मागाचीच समजत.

दोन दिवस मास्तरांसमोर जायचा धीर होईना. मंगळवारी गेलो, तोवर परीक्षेचे अर्ज रवाना झाले होते, माझ्या नावाशिवाय. मी सगळं सांगून टाकलं. मास्तर राघूला भिजवलेली डाळ घालत होते. हात न थांबवता त्यांनी विचारलं, "वडिलांनाही असंच चारचौघांत विचारलंस?"

वडिलांना मी काहीच विचारलं नव्हतं. दुसरा पाय तेवढा काढून दिला होता.