म्हातारीच्या डोक्यावरची पिशवी

आमच्या माहेरी लेकरू जन्मलं की त्याला बांधत. अगदी गाठ मारून बांधत. आधी दुपट्यात गुंडाळायचं, हात दोन्ही बाजूंना सरळ, पाय जोडून सरळ, आणि मग जुन्या लुगड्याची लांब पट्टी खांद्यापासून घोट्यापर्यंत फिरवत न्यायची. बाहेर राहायचं फक्त तोंड, तेही रडण्यापुरतं. असं बांधलं की लेकरू दचकत नाही, पाय सरळ होतात, पाठ ताठ राहते, असं सगळ्या बाया छातीवर हात ठेवून सांगायच्या. आमच्या गावातल्या बाप्यांचे पाय आणि पाठी बघितल्या तर यातलं काहीच खरं वाटत नसे. पण बाप्यांकडे इतकं निरखून बघायची आम्हाला मुभा नव्हती.

या कामात माझी आई वस्ताद होती. तिचा हात फिरला की लेकरू गप झालंच, अशी तिची ख्याती थेट वडवणीच्या बाजारापर्यंत गेलेली. बाहेरगावची माणसं तिला न्यायला बैलगाडी पाठवत. ती नारळ आणि खण घेऊन परत यायची आणि पुढे दोन दिवस आम्हाला त्या घरातल्या बाया किती बावळट आहेत हे सांगायची. राज्य निजामाचं होतं, कचेरीत उर्दू चालायची; पण बाळंतिणीच्या खोलीत राज्य आईचं होतं आणि तिथे कुणाचा अर्ज चालत नसे.

पट्टीचं कापडही साधंसुधं चालत नसे. सव्वा महिना लेकराच्या अंगाला नवं कापड लावायचं नाही. जुनंच हवं, आणि तेही गावातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या बाईच्या अंगावरचं. म्हणजे कापडाबरोबर तिचं वय लेकराला लागतं. आमच्या गल्लीच्या टोकाला अशी एक म्हातारी राहायची. नात्याची कुणाची नाही, वयानं सगळ्यांची. दोन नवरे पोचवून ती तिसऱ्यांदा विधवा व्हायला मोकळी होती, असं तिच्या तोंडावर म्हटलं तरी ती हसायची. तिचं जुनं लुगडं न्यायचं तर नवं द्यावं लागे. त्यामुळे गावात पोटुशी बाई दिसली की म्हातारी अंगावरचं लुगडं मुद्दाम दगडावर घासून विटवायला लागायची. अख्ख्या गावात सगळ्यांत चांगली लुगडी तिचीच.

माझं पहिलं बाळंतपण माहेरीच झालं. मुलगा होता. मी सोळा वर्षांची होते. उन्हाळा होता, वैशाखाचा. खोलीला एकच झरोका, त्यालाही वाऱ्याच्या भीतीनं पोतं लावलेलं, आणि बाजेखाली शेगडी. आईनं त्याला म्हातारीच्या लुगड्यानं बांधला, नेहमीसारखा, कदाचित नेहमीपेक्षा जास्त मायेनं. महिना पुरा व्हायच्या आत त्याला ताप भरला आणि तो गेला. दृष्ट लागली म्हणाले, सटवाईनं नेलं म्हणाले. सटवाई बिचारी आमच्याकडे कायम हाताशी असते, तिच्यावर काहीही ढकलावं. मी हकीम नाही. तो कशानं गेला ते मला आजही सांगता येणार नाही. पण शेवटी पट्टी सोडली तेव्हा ती पिळून पाणी निघेल इतकी ओली होती, आणि त्याचं अंग घामोळ्यांनी लाल झालं होतं. हे मी बघितलं आणि कुणाला बोलले नाही.

दोन वर्षांनी पुन्हा दिवस गेले आणि मला पुन्हा माहेरी आणलं. या वेळी मुलगी झाली, आणि पुन्हा वैशाखच. देवाला दुसरा महिना सुचत नसावा. आईनं पुन्हा शेगडी पेटवली, झरोक्याला पोतं लावलं, म्हातारीचं लुगडं फाडलं. मी बाजेवर पडून तिचे हात बघत होते. ते फार सफाईनं चालत होते. मला त्या हातांची भीती वाटत होती, आणि ज्या हातांनी मला वाढवलं त्यांची भीती वाटते याची लाज वाटत होती.

बारशाला माझे मालक आले. ते माजलगावला मदरशात, म्हणजे निजामाच्या सरकारी शाळेत, मास्तर होते. पोरांना दिवसभर उर्दू शिकवायचे आणि चिडले की मराठीत बोलायचे. त्यांची बहीण हैदराबादेत असायची, तिचा नवरा तिथल्या दवाखान्यात कारकून. तिनं भाचीसाठी एक वस्तू पाठवली होती. पांढऱ्या मलमलीची पिशवी. वर गळा आणि हात बाहेर काढायला दोन भोकं, खाली ऐसपैस, शेवटी नाडी. आत पाय हवे तसे झाडावेत. तिकडच्या नर्सबाया लेकरांना बांधत नाहीत, अशीच पिशवी घालून निजवतात, असं तिनं कळवलं होतं.

मालक खोलीत येऊ शकत नव्हते आणि चारचौघांत माझ्याशी बोलू शकत नव्हते. ते उंबऱ्याबाहेर उभे राहून आईला म्हणाले, "मामी, उन्हाळा लई हाय. पोरीला हे घालून बघा."

आईनं पिशवी दोन बोटांत धरून उलटीसुलटी केली. "जावईबापू, हे काय लेकरू हाय का ज्वारी? पोत्यात भरून नाडी बांधायची? पाय बेडकावानी फाकतील पोरीचे. उद्या लगीन कोन करल?"

"तिकडं समदे असंच करत्यात, मामी."

"करंनात. आन हे कोरं कापड हाय. सव्वा महिना कोरं न्हाई चालत."

 यावरचं उत्तर मला सुचलं. मी आतून, भिंतीकडे तोंड करून, कुणालाच उद्देशून नाही अशा बेतानं म्हणाले, "कोरं न्हाई चालत तर म्हातारीच्या अंगाला लावून जुनं करावं."

 नियम आईचाच होता आणि त्यात खोट नव्हती. शिवाय जावयाचा मान होता. शेवटी असं ठरलं की म्हातारीनं ती पिशवी सात दिवस अंगावर वागवायची, मग बघू. तोवर पोरगी पट्टीत. मालक समाधानानं दोन वेळा जेवून माजलगावला गेले. मास्तर माणूस, सात दिवस म्हणजे सातच दिवस असं त्याला वाटणार.

आता एवढीशी पिशवी म्हातारीच्या अंगाला कशी लागावी, याचा विचार कुणीच केला नव्हता. एक हात घालून बघितला, तो कोपरापर्यंतच गेला. पायात घालून बघितली, म्हातारी पडता पडता वाचली. मग तिनंच युक्ती काढली आणि पिशवी डोक्यात घातली. नाडी कपाळावर बांधली आणि दोन भोकांतून कान बाहेर काढले. दुसऱ्या दिवशी ती तशीच आडावर आली. बाया घागरी ठेवून हसत बसल्या. म्हातारी म्हणाली, "हसा. डोस्क्याला लई गार वाटतंय."

सात दिवस झाले. आईनं पिशवी मागायला माझ्या धाकट्या बहिणीला पाठवलं. ती हात हलवत परत आली. म्हातारीचा निरोप होता, "माजं वय काय थोडकं हाय का, सात दिसांत उतरायला?" आणखी चार दिवस गेले. पुन्हा तोच निरोप. खरी गोष्ट अशी की तिला ती टोपी आवडली होती आणि ती काही सोडायची नव्हती. आईला यात काही वावगं वाटत नव्हतं. झालं तर बरंच वाटत होतं.

आणि इकडे पोरीनं नीट पिणं सोडलं. दोन घोट घ्यायची आणि डोळे मिटायची. गळ्यापाशी बोट लावलं तर चटका बसायचा. मानेवर लाल पुरळ उठलं होतं. मी म्हटलं, "माय, पट्टी ढिली कर." आई म्हणाली, "सोडली की दचकती. पुना बांधाया लागतंय." मी म्हटलं, "शेगडी तरी काढ." ती म्हणाली, "बाळंतिनीनं लई बोलू न्हाई." मला माहीत होतं की दुपट्याच्या आत काय असणार. मी ते आधी बघितलं होतं.

त्या दिवशी दुपारी आई पोरीला मांडीवर घेऊन बसल्या जागी पेंगत होती. मी उठले. सव्वा महिना व्हायचा होता. बाळंतिणीनं उंबरा ओलांडायचा नसतो, ऊन लागू द्यायचं नसतं, डोकं उघडं टाकायचं नसतं. मी हे तिन्ही एका दमात केलं. अनवाणी पाय असे भाजत होते की चालायचं नावच नको, मी जवळजवळ पळतच गेले. पारावर बसलेल्या बाप्यांनी माना फिरवल्या. बाळंतीण पाहणं वाईट की बाळंतिणीला वाट न देणं वाईट, हे त्यांचं ठरेपर्यंत मी पुढे गेले होते.

म्हातारी दारात बसून लसूण सोलत होती, डोक्यावर पिशवी. मी तिच्यापुढे उभी राहिले आणि एकदम म्हणाले, "आज्जे, पिशवी दे. न्हाई दिली तर मी वढून घेईन."

मला वाटलं ती शिव्या देईल. तिच्या शिव्या चांगल्या असायच्या. पण तिनं माझ्या पायांकडे बघितलं, मग तोंडाकडे.

"पोरगी पीत न्हाई व्हय?"

"न्हाई."

"अंग भाजतंय?"

मी मान हलवली. तिनं नाडी सोडली. पिशवी काढून हातानं नीट केली, झटकली आणि माझ्या हातात दिली. पिशवीला लसणाचा आणि तंबाखूचा वास येत होता.

"माजं वय लागतं म्हनून समदे माजी लुगडी नेत्यात," ती म्हणाली. "मी माजी सवताची आट लेकरं बांदली ह्याच लुगड्यात. त्यातल्या एकाला बी माजं वय लागलं न्हाई. मला कुनी इचारलंच न्हाई कदी. जा, पळ."

मी परत पळत आले. उंबऱ्याशी आल्यावर मात्र पाय थांबले, कारण आता आईला तोंड द्यायचं होतं. बाळंतिणीनं गावातून धावत जावं ही त्या घराची अब्रू घालवणारी गोष्ट होती, आणि आईला अब्रू माझ्यापेक्षाही जपून ठेवायची सवय होती.

खोलीत उजेड होता. झरोक्यावरचं पोतं काढलेलं होतं. शेगडी बाहेर ओट्यावर. आई जमिनीवर बसली होती आणि तिच्या मांडीवर पोरगी उघडी पडली होती, नुसती, हातपाय पसरून, लालबुंद. आई पदरानं तिला वारा घालत होती. पट्टी बाजूला ढीग होऊन पडली होती. तिनं वर बघितलं नाही. मी कुठे गेले होते हे विचारलं नाही.

ती पट्टीकडे बघत म्हणाली, "त्याचीबी अशीच वली निगाली व्हती."

म्हणजे तिनंही बघितलं होतं. दोन वर्षं आम्ही दोघी एकाच गोष्टीवर गप्प बसलो होतो, आणि मला वाटत होतं की एकटी मीच गप्प आहे. मला तिच्यावर रागवायचं होतं. पुष्कळ रागवायचं होतं. पण ती वारा घालायची थांबेना, आणि मी पिशवी घेऊन तिच्याजवळ खाली बसले.

पोरीला आम्ही ओल्या फडक्यानं पुसलं आणि पिशवीत घातलं. आईनं नाडी बांधायला घेतली आणि गाठ मारायच्या आधी थांबून माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "ढिली." तिनं ढिली बांधली. संध्याकाळपर्यंत पोरगी पोटभर प्यायली आणि पिशवीत असे पाय झाडायला लागली की नाडी सुटली.

मुलगी जगली. आज तिला नातवंडं आहेत. पाय बेडकासारखे झाले नाहीत, लग्नही वेळेवर झालं. म्हातारीला मी माझ्या हातानं मलमलीची टोपी शिवून दिली, बरोबर कानांना भोकं ठेवून. गावात सगळ्यांनी हेच धरलं की म्हातारीनं डोक्यात घातल्यामुळे पिशवीला वय लागलं. आम्ही कुणाचा समज मोडला नाही.

त्यानंतरही बाहेरगावच्या बैलगाड्या आमच्या दाराशी येत राहिल्या. आई त्यांना पाणी द्यायची, बसवायची आणि सांगायची की आता माझे हात दुखतात, मला बांधायला जमत नाही. तिचे हात शेवटपर्यंत कधी दुखले नाहीत.