खाटेखालची पोर

मे महिन्यात नातीला हॉस्टेलातून घरी न्यायचंच, असं ठरवून मी सोलापुरात आलो. खोली शेवटच्या मजल्यावर, वर तापलेला स्लॅब आणि एसी नाही.

"परीक्षा गेली खड्ड्यात! हितं भाजून मरशील," म्हणत मी तिची पेटी उचलली.

"आजोबा, घरी एसी हाय व्हय?" खाटेखालून आवाज आला.

घरावर आमच्या पत्रे. वाकून बघितलं, तर नातीच्या खोलीतली दुसरी पोर ओल्या फरशीवर पालथी पडून वाचत होती. वरची धग सगळी गादी झेलत होती. जन्मभर मी उन्हात मेंढरं राखली, पण उन्हाला असं फसवणारं माणूस पाहिलं नव्हतं. पोर पुन्हा पुस्तकात बुडाली.

मी पेटी ठेवली. नातीला म्हणालो, "तुज्या खाटेखालची जागा मोकळी कशाला? शीर की खाली."