आईच्या खोलीवरची सावली

शके अठराशे दोन. मी बत्तीस वर्षांचा. शाळेत गेलो ते दोन पावसाळे, बाकीचं शिकलो ते कळव्याच्या मिठागरात.

त्या वैशाखात आईची खोली अशी तापली, की म्हातारीला उचलून शेजाऱ्याच्या चिंचेखाली निजवावं लागलं. माझी आई दुसऱ्याच्या सावलीत! तेव्हाच ठरवलं, घरामागे मावळतीला भेंडी लावायची. भाजीची नव्हे, खाडीकाठचं झाड. फांदी रोवली की धरतं. पण गोडं पाणी लांबून डोक्यावर आणायचं, म्हणून झाड एकच. जागा चुकली की संपलं.

मार्गशीर्षात मेहुणा आला. आगगाडीच्या कचेरीतला कारकून. काम चिठ्ठ्या फाडायचं, ऐट कलेक्टराची. सूर्य बुडताना परसात उभा राहून त्याने कागदावर रेघा ओढल्या आणि घराच्या दक्षिण कोपऱ्याशी खुंटी ठोकली.

"दाजी, ऊन येतं ते इथून. कागद खोटं बोलत नाही."

"कागदाला घामही येत नाही," मी म्हटलं. "मावळती म्हणजे मावळती. झाड भिंतीच्या मधोमध." मी माझी खुंटी ठोकली.

बायको गोवऱ्यांची पाटी घेऊन उभी होती. "दोघांनी कधी शेण थापलंय? ही उत्तरेची भिंत आता ऊन बघत नाही, गोवरी आठ दिवस ओली. वैशाखात तिसऱ्या प्रहरी तीच तापते, गोवरी दोन दिवसांत खडखडीत. सूर्य तेव्हा तिकडे सरकतो. सासूबाई त्याच भिंतीच्या मागल्या कोपऱ्यात निजतात. झाड तिथे लावा."

मेहुणा खो खो हसला. "ताई, आता शेणाकडून भूगोल शिकायचा?"

"शीक की. तुझ्या साहेबाने तर शिकवला नाही."

त्या शहाण्याला तरी काय बोलायचं? एका संध्याकाळचा सूर्य पाहून वर्षभराचा हिशेब मांडणारा माणूस! आणि मी? पौषात सूर्य ठाण्याच्या किल्ल्याकडे बुडतो, वैशाखात पार उजवीकडे डोंगराआड, हे मिठागरात जन्मभर पाहिलेलं. घराशी त्याचा मेळ कधी घातला नाही. पण हे बायकोपुढे कबूल करणारा मी नव्हे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मेहुणा घोरत होता, तोवर मी दोन्ही खुंट्या उपटून चुलीत घातल्या आणि उत्तरेच्या कोपऱ्यात कंबरभर खड्डा खणला.