होझियाचं मत कसं गेलं

वर्लीन टगल कितीतरी वर्षं चर्चच्या मागच्या खोलीत मतदानाच्या टेबलाशी बसायची. नियम असा, की समोर सख्खा नवरा आला तरी नाव विचारायचं. तिचा चुलतभाऊ होझिया तिच्याबरोबर एका ताटात जेवून वाढलेला. दर खेपेला तो डोळे वटारायचा, "मला नाव विचारतेस? नरडं दाबीन हं, वर्लीन!"

"दाब मेल्या, पण आधी नाव सांग."

रांग खो-खो हसायची.

त्या वर्षी नवा कायदा झाला होता. मतदानाच्या टेबलावरच्या माणसाला धमकी दिली की मोठा गुन्हा. कायदा काही उगाच नव्हता. पलीकडच्या गावात अशाच एका बाईच्या घरावर कुणी गोळी झाडली होती. पण मतदान बघायला जिल्ह्याहून आलेल्या नव्या साहेबाने होझियाचं 'नरडं दाबीन' तेवढं ऐकलं, हसणं नाही. होझियाला बेड्या घालून नेलं.

वर्लीन सरकारी वकिलाकडे गेली. "अहो, थट्टा आहे ती आमची."

"शब्द हेच होते ना?"

देवाधर्माची बाई, खोटं कुठून बोलणार? "हेच होते."

होझियाचा वकील म्हणाला, "कबूल करा, तुरुंग टळेल, आजच घरी."

"न केलेलं कबूल करू?" होझिया अडून बसला.

वर्लीनच वैतागली. "कर रे बाबा कबुलीवर सही! गिरणीतली पाळी बुडली तर खाशील काय?"

त्याने केली. वकील कागद आवरता आवरता सहज म्हणाला, "आणि हो, मोठा गुन्हा कबूल केलात, म्हणजे या राज्यात मत मात्र आता देता येणार नाही. गव्हर्नरने माफी दिली तरच."

काळा असून मत दिलं म्हणून होझियाच्या बापाला गोऱ्या मालकाने मळ्यावरून हाकललं होतं. तेव्हापासून त्या घरात एकही मतदान चुकलं नव्हतं. वर्लीनने होझियाला गाडीने घरी सोडलं. दारात उतरताना तो एवढंच म्हणाला, "तू सांगितलंस म्हणून सही केली गं."

पुढच्या मतदानाला वर्लीनच्या रक्षणाला एक पोलीस आला. होझियाने शेजारच्या पांगळ्या म्हातारीला ट्रकमधून आणून सोडलं आणि बाहेर ट्रकमध्येच बसून राहिला. वर्लीनने तळलेल्या कोंबडीची थाळी भरली नि त्याच्याकडे निघाली. पोलीस मागोमाग.

"मिस वर्लीन, हा माणूस त्रास देतोय का तुम्हाला?"

"भाऊ आहे तो माझा."

"असू दे. जरा लांबच उभ्या राहा."

होझियाने काच वर केली.