माजिवड्याला झोपायला जाऊ का?

पोरांची दहावी संपली की आईबाप सुटतात, असं आम्हाला वाटायचं. सुटतात कसले! आमच्या पालकांच्या ग्रुपवर किस्से साचायला लागले ते तेव्हापासूनच.

पोरं पाच. तीन मुली, दोन मुलगे, बालवाडीपासून एकत्र. त्यातल्या एकाची आई, माजिवड्याची स्मिता, हिने मेसेज टाकला, "शनिवारी सगळे आमच्याकडे झोपायला. मुलं-मुली दोन्ही." गुड मॉर्निंगच्या फुलाला आठ उत्तरं येणाऱ्या ग्रुपवर दिवसभर शुकशुकाट! संध्याकाळी कोणीतरी अंगठा टाकला. दोन मिनिटांत तोही डिलीट!

*

पाचांतली अनघा आता डोंबिवलीला राहते. तिचे बाबा इंजिनिअर. त्यांनी स्मिताच्या घराचा नकाशाच काढून पाठवला. मुली बेडरूममध्ये, मुलगे हॉलमध्ये, मधल्या पॅसेजमध्ये गादी टाकून स्मिता.

"आणि माझा नवरा?" स्मिताने विचारलं.

"त्यांना शनिवारपुरतं गावी पाठवता येईल का?"

*

घर बघून यावं म्हणून मी खोपटच्या आमच्या घरून सत्यनारायणाचा प्रसाद घेऊन गेले. पूजा झालीच नव्हती, नुसता शिरा केला होता. देव माफ करो! स्मिताने दार उघडलं.

"ये, बघून घे. शिरा तिकडे ठेव."

टेबलावर आधीचे दोन डबे होते!

*

माझी सोळा वर्षांची इरा काही हटेना. "गणपतीला गावी आपण सगळे एका ओळीत झोपतो, ते चालतं?"

"अगं, ती भावंडं!"

"गेल्या वर्षी काकांच्या मित्राचा मुलगा आलेला, तो कोण? त्याला चादर तूच दिलेलीस!"

मी कुकर लावायला उठले. इरावर माझा विश्वास आहे. पण उद्या काही झालं तर लोक मलाच विचारणार, ही धास्ती जात नाही. खरं सांगते, या धास्तीनेच मी दमले होते.

*

शेवटी हो म्हटलं. शनिवारी रिक्षात बसताना इरा म्हणाली, "आई, प्लीज, सारखे फोन करू नकोस. सगळे हसतात."

कबूल केलं. पण स्वतःचाच भरवसा नव्हता, म्हणून फोन सायलेंट करून कपाटात ठेवला आणि किल्ली नवऱ्याकडे दिली.

साडेनऊला बेल वाजली. दारात इरा, खांद्यावर बॅग. मागे स्मिता, हातात स्कूटरची चावी.

"काय झालं गं?"

"बाकी सगळ्यांच्या आया दर दहा मिनिटांनी फोन करतायत," इरा रडवेली होऊन म्हणाली. "तुझा एकही नाही. मी केला तर उचलत नाहीस. आई, तू बरी आहेस ना?"